पाचगणीची हवा आणि पिंपरीचे औषध



पसरणीचा घाट चढून पाचगणीत आलेला प्रवासी पहिला श्वास घेतो तो हवेचे कौतुक करण्यासाठीच. दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर वसलेल्या या ठिकाणी महाबळेश्वराचा मुसळधार पाऊस नाही आणि वाईचा उन्हाळाही नाही. ही हवा साहेबाने हेरली, तिच्या आधारे बंगले बांधले, शाळा काढल्या. आणि १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले.

त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रोग्याला उघड्या व्हरांड्यात खाटेवर निजवावयाचे, दूध, अंडी, लोणी यांचा पौष्टिक आहार द्यावयाचा, सकाळ-संध्याकाळ ताप मोजावयाचा आणि वाट पाहावयाची, हाच उपचार होता. फार तर छातीच्या पोकळीत सुईने हवा भरून आजारी फुप्फुस मिटवून ठेवावयाचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळते, अशी समजूत होती. कित्येकांच्या बरगड्याही कापल्या जात. हे सारे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चाले. डॉ. बिलिमोरियांसारख्या निष्ठावंत डॉक्टरांच्या परिश्रमाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांच्या हाती जे होते ते त्यांनी दिले. मिरजेजवळ वानलेसवाडीचे क्षयरोग रुग्णालयही त्याच पिढीतले, त्याच समजुतीवर उभे राहिलेले.

पण या उपचारात ‘हवे’चा वाटा नेमका किती होता? पाचगणीच्या पठाराखाली कृष्णाकाठच्या आणि पलीकडे जावळीच्या वाड्यावस्त्यांतून हीच हवा फुकट वाहत होती. तेथील तरुण पोटासाठी मुंबईच्या गिरणीत जाई, चाळीच्या एका खोलीत दहा-पंधरा जणांच्या दाटीत राही, खोकला आणि ताप घेऊन गावी परते आणि त्याच निर्मळ हवेत, त्याच सह्याद्रीच्या कुशीत मरे. हवा त्याला वाचवीत नसे. आरोग्यधामातील रोग्याला जे मिळे ते हवेहून निराळे होते: कामापासून सुटका, पोटभर सकस अन्न आणि घरी पगाराची चिंता नसणे. याला वैद्यकाने ‘हवापालट’ असे नाव दिले. अर्थशास्त्राच्या भाषेत याला सुरक्षित उत्पन्न म्हणतात. आणि ते असूनही रोग हटेलच याची खात्री नव्हती. कमला नेहरूंना भोवालीला ठेवले, पुढे युरोपात नेले. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात या व्यवस्थेचा हिशेब मिळतो. अविभाजित हिंदुस्थानात सुमारे २५ लाख क्षयरोगी, दरवर्षी सुमारे पाच लाख मृत्यू आणि क्षयरोग्यांसाठी खाटा जेमतेम सहा हजार. म्हणजे एका खाटेमागे चारशेंहून अधिक रोगी. खाटा दहापट केल्या असत्या तरी चाळीस जणांत एक खाट. ज्या उपचाराचे साधनच असे दुर्मीळ असते त्याची वाटणी कशी होते हे श्रोत्यांना सांगावयास नको.

आता एक विलक्षण योगायोग पाहा. ज्या १९१२ साली बेल-एअरची उभारणी झाली, त्याच वर्षी प्राग येथे हान्स मायर आणि योसेफ माली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एका संयुगाच्या निर्मितीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शास्त्रीय कुतूहलातून केलेले ते काम होते. ते संयुग म्हणजे आयसोनियाझिड, क्षयावरील आजचेही एक प्रमुख औषध. चाळीस वर्षे ते ग्रंथालयातील एका पानावर पडून राहिले. तोवर पाचगणीत खाटांवर रोगी निजत होते.

मध्यंतरी स्ट्रेप्टोमायसिन आले. १९४३ साली अमेरिकेत रटगर्स येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळविले. नोबेल पारितोषिक १९५२ साली एकट्या वॅक्समन यांना मिळाले; शॅट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे हा प्रकार कारखान्यापुरताच मर्यादित नाही!

ब्रिटनमध्ये तेव्हा डॉलरची चणचण होती. अमेरिकेतून आलेले औषध सर्वांना पुरण्यासारखे नव्हते. मग १९४६ साली तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने असे ठरविले की, औषध अपुरेच आहे तर ते वशिल्याने किंवा पैशाने न वाटता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटावे आणि परिणाम काटेकोरपणे मोजावा. १०७ रोगी घेतले. ५५ जणांना औषध व विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्यातील १४ जण दगावले. आधुनिक औषधसंशोधनाची सारी शिस्त या प्रयोगापासून सुरू झाली असे मानतात. त्याची आखणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे वैद्य नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःलाच क्षय झाला होता, वैद्यकाचे शिक्षण अशक्य झाले, म्हणून अंथरुणावरून पत्रद्वारा अभ्यास करून त्यांनी पदवी घेतली ती अर्थशास्त्राची. टंचाईचा न्याय्य हिशेब करण्याची ती दृष्टी त्या प्रयोगात उतरली आहे.

त्याच प्रयोगाने एक धोकाही दाखविला. पुढे काही महिन्यांत औषध निकामी होऊ लागले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यूंचा फरक पुष्कळसा पुसला गेला. कोट्यवधी जंतूंत काही मोजके जंतू त्या औषधाला मुळातच दाद न देणारे असतात. बाकीचे मेले की त्यांनाच रान मोकळे मिळते. दोन किंवा अधिक औषधे एकाच वेळी दिली तर दोहोंनाही पुरून उरणारा जंतू सापडणे जवळजवळ अशक्य होते. क्षयाच्या औषधोपचाराचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे, आणि म्हणून त्यात खंड पडणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. खंड पडला की जंतू शिकतो.

१९५२ साली आयसोनियाझिडचा गुण तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या ध्यानी जवळजवळ एकाच वेळी आला. तिन्ही पेटंटसाठी धावल्या. आणि हे संयुग १९१२ सालीच प्रसिद्ध झालेले असल्याचे आढळले! त्यावर कोणाचीच मालकी प्रस्थापित होऊ शकली नाही. परिणामी जगातील एक अत्यंत गुणकारी औषध आरंभापासूनच अत्यंत स्वस्त राहिले. ते कसे काम करते हे कळावयास मात्र आणखी चाळीस वर्षे लागली. क्षयजंतूभोवती मेणासारखे चिवट कवच असते. आयसोनियाझिड स्वतः निरुपद्रवी असते; जंतूच्याच शरीरातील एक विकर त्याला जागे करते आणि जागे झालेले औषध कवच विणणारी यंत्रणा बंद पाडते. ज्या जंतूने ते विकर गमावले त्याच्यावर औषध चालत नाही. हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. यंत्रणा अज्ञात असतानाही औषधाने लाखो जीव वाचविले, कारण ते लोकांपर्यंत पोहोचण्याच्या आड मालकी आली नाही.

आणि मग मद्रास. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी तेथे केंद्र स्थापन केले. वॉलेस फॉक्स त्याचे पहिले प्रमुख. प्रश्न साधा होता: ज्याच्यासाठी खाट नाही त्याला घरीच गोळ्या दिल्या तर काय होईल? शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रोगी निवडले. निम्मे आरोग्यधामात, निम्मे आपल्या झोपडीत. औषध दोघांनाही तेच, वर्षभर. आरोग्यधामात खाणे उत्तम, विश्रांती पुरेशी; घरी दाटी, अपुरे अन्न, कित्येकांना कामावरही जावे लागे. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामातील ९२ टक्के रोग्यांचा रोग शमला होता, घरच्या रोग्यांत ८६ टक्क्यांचा. घरी राहिल्याने कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले, एवढाच ठळक फरक.

ज्या विश्वासावर जगभर डोंगरमाथ्यांवर इमारती उभ्या होत्या तो विश्वास मद्रासच्या झोपडपट्टीत कोसळला. पुढील काळात सर्वत्र आरोग्यधामे बंद पडत गेली किंवा दुसऱ्या कामास लागली. पाचगणीचे बेल-एअर पुढे रेड क्रॉसकडे गेले आणि एड्सच्या रोग्यांची शुश्रूषा करणारे रुग्णालय म्हणून नावारूपास आले. खाटेचा विशेषाधिकार गोळीने मोडला. गरिबांच्या बाजूने लागलेले वैद्यकशास्त्रातील इतके स्वच्छ निकाल फार थोडे आहेत.

मात्र शासनव्यवस्थेने त्यातील सोयीचा अर्धा भाग उचलला. खाटांवरचा खर्च वाचला. तो पैसा गोळ्यांच्या अखंड पुरवठ्यावर खर्च व्हावयास हवा होता, तसे झाले नाही. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली दाखवून दिले की, खेड्यातील क्षयरोगी अडाणी असल्यामुळे दवाखान्यात येत नाही हे खरे नाही. निम्म्याहून अधिक रोगी आपण होऊन सरकारी दवाखान्यात जात आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत येत. दोष रोग्याच्या अज्ञानाचा नव्हता.

औषध बनवावयाचे कोणी, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न पिंपरीला झाला. १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक कारखाना तेथे उभा राहिला. प्रथम पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावरील पेटंट काढून केवळ बनविण्याच्या कृतीवर, तेही थोड्या मुदतीपुरते, ठेवले. भारतीय कंपन्यांनी निराळ्या कृतींनी रिफॅम्पिसिनसारखी महागडी औषधे बनविली आणि किमती उतरल्या. यात खासगी कंपन्यांनीही पुष्कळ कमावले हे खरे. पण रोगी वाचला हेही खरे. पिंपरीचा कारखाना मात्र १९९७ साली ‘आजारी उद्योग’ ठरला आणि २०१६ साली त्याची देणी भागविण्यासाठी जमीन विकण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. औषध नफ्यासाठी बनवावयाचे नाही असे ठरवून काढलेल्या कारखान्याची उरलेली किंमत त्याच्या जमिनीएवढी लावली गेली.

जागतिक व्यापार करारानुसार २००५ साली औषधद्रव्यावरील पेटंट परत आले. त्या वेळी डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्यात ३(ड) हे कलम कडक झाले: जुन्याच द्रव्याचे रूप थोडे बदलून, गुणकारिता न वाढविता, नवे पेटंट मागता येणार नाही. या कलमाची कसोटी क्षयाच्या औषधावरही लागली. बेडाक्विलिन हे चार दशकांनंतर आलेले नवे क्षयविरोधी औषध जंतूला ऊर्जा पुरविणारी यंत्रणाच बंद पाडते. २०१२ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. बहुऔषधरोधी क्षयाच्या रोग्यांना तोवर महिनोन्‌महिने जी इंजेक्शने घ्यावी लागत त्यांनी अनेकांची श्रवणशक्ती जाई. या औषधाच्या विकासावर सार्वजनिक निधीतून झालेला खर्च कंपनीच्या खर्चाहून अधिक होता असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले आहे. तरी मालकी जॉन्सन अँड जॉन्सनची. त्यांनी याच द्रव्याच्या क्षाररूपावर आणखी काही वर्षांचे पेटंट मागितले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला हरकत घेतली. दोघींनीही क्षयाच्या उपचारात ऐकण्याची शक्ती गमावली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांची वाट मोकळी झाली. जागतिक खरेदीत कंपनीनेच किंमत निम्म्याहून खाली आणली. म्हणजे आधीची किंमत उत्पादनखर्चाने ठरलेली नव्हती.

एवढ्याने प्रश्न मिटला असे समजणे भाबडेपणाचे होईल. मार्च २०२४ मध्ये साध्या क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास लिहिले. या गोळ्यांवर कोणाचे पेटंट नाही आणि त्यांचे रसायनही कोणाला अवघड नाही. ज्या औषधात एक दिवसाचाही खंड पडू नये असे दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेले असते, ते देण्याची शिस्त शासनाने मात्र पाळली नाही.

मद्रासच्या प्रयोगाचा आणखी एक अपभ्रंश झाला आहे. ‘अपुऱ्या अन्नावरही रोगी बरा होतो’ या निष्कर्षाचे रूपांतर हळूहळू ‘अन्नाचा क्षयाशी संबंध नाही’ यात झाले. प्रयोगाने तसे कधीच म्हटले नव्हते. त्याने रोग झाल्यावर काय, एवढेच तपासले. रोग कोणाला होतो, हे नव्हे. त्याचे उत्तर झारखंडात मिळाले. त्या प्रयोगात मद्रास केंद्राची वारस असलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था सहभागी होती. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास केला. ज्या कुटुंबांना दरमहा धान्य, डाळ इत्यादी अधिक शिधा दिला त्यांच्यात नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी घटले. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. या कामगिरीची एखादी नवी गोळी निघाली असती तर तिच्यावर कंपन्यांच्या उड्या पडल्या असत्या. तांदूळ आणि डाळीचे पेटंट निघत नाही, त्यामुळे त्यांचा प्रचारकही नाही.

बेल-एअरच्या व्हरांड्यात रोग्याला मिळणारे दूध आणि अंडे सर्वस्वी निरर्थक नव्हते, तर ते फार उशिरा, फार थोड्यांना आणि चुकीच्या कारणासाठी दिले जात होते. सरकारने २०१८ साली निक्षय पोषण योजनेखाली रोग्याला दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये केले. ही रक्कम रोग्याची आहे. झारखंडातील शिधा घरातल्या इतरांसाठीही होता, आणि लाभ मोजला गेला तो त्या इतरांचाच. जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे, आणि क्षयरोग्याच्या घरात एकूण माणसे किती व त्यांच्या शिधापत्रिकेवर महिन्याला काय मिळते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साठ्याच्या नोंदवहीत मिळेल. दुसऱ्यासाठी मात्र त्या घरापर्यंत चालत जावे लागेल.