घरावरचा बोजा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकीच एखादीने घरच्या अनुभवावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण इंदापूर तालुक्यातील एका खेड्यात सातवीपर्यंत झाले. लग्न होऊन बारामतीस आले त्याला सत्तावीस वर्षे होतील. व्याख्यान देण्याइतकी माझी तयारी नाही. पण व्याजाचा हिशेब मला येतो. तो कसा आला आणि त्याचा घराला काय उपयोग झाला, एवढेच सांगायचे मी ठरवले आहे. सणासारख्या दिवशी हा विषय रुक्ष वाटेल, त्याबद्दल क्षमा असावी.

२०१४ साली आम्ही घर बांधले. त्यापूर्वीची पंधरा वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत गेली. ह्यांची नोकरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात फिटरची. बँकेचे कर्ज घेतले आठ लाख रुपये, व्याज दसादशे १०, मुदत २० वर्षे, हप्ता दरमहा ७,७२० रुपये. घर दोघांच्या नावावर, म्हणून कर्जाच्या कागदांवर माझ्याही सह्या. सह्या झाल्यावर मी तिथल्या साहेबांना विचारले, हे फिटणार कधी? ते म्हणाले, २०३४ साली. ह्यांचे वय त्या वर्षी ४२ होते. ३४ साली ते ६२ होणार, आणि कारखान्यात ५८व्या वर्षी निवृत्त करतात. म्हणजे पगार बंद आणि हप्ता मात्र चालू, असे ४८ महिने पुढे वाढून ठेवलेले! येताना वाटेत आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

मुलगी तेव्हा आठवीत होती. तिच्या गणिताच्या पुस्तकात चक्रवाढ व्याजाचा धडा होता. संध्याकाळी भाकरी झाल्यावर मी तिच्याजवळ बसून तो शिकले. तिला वाटे आई माझा अभ्यास घेते. खरे पाहता अभ्यास माझाच चालला होता. मग बँकेकडून हप्त्यांचा तक्ता मागून आणला आणि पहिली ओळ वाचली. हप्ता ७,७२०. त्यात व्याज ६,६६७, आणि मुद्दलात गेले फक्त १,०५३ रुपये. वीस वर्षांचे सगळे हप्ते मिळवले तर १८ लाख ५२ हजार ८०० होतात. म्हणजे आठ लाख फेडण्यासाठी साडेदहा लाख व्याज.

आता बायकांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट. कर्ज घेतल्याबरोबर कोणी दहा हजार रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर त्या दहा हजारांनी शेवटचे सुमारे नऊ हप्ते कमी होतात. नऊ हप्ते म्हणजे जवळजवळ सत्तर हजार. तेच दहा हजार पंधरा वर्षांनी भरले तर जेमतेम दोन हप्ते कमी होतात. कर्ज नवे असते तेव्हा आपल्याला वाटते की घाई काय, अजून वीस वर्षे आहेत. आणि जादा पैशाला खरी किंमत तेव्हाच असते. दरमहा एक हजार जादा भरत गेले तर हेच वीस वर्षांचे कर्ज साडेचौदा वर्षांत फिटते व सव्वातीन लाखांहून अधिक व्याज वाचते. व्याजाचा दर तोच राहिला असे धरून हा हिशेब आहे. मुलीने तीन वेळा ताडून पाहिला.

तेव्हा आम्ही ठरवले, दहा वर्षांत मोकळे व्हायचे. ठरवले म्हणजे नुसते मनात नव्हे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस मी एक कागद चिकटवला, आणि दर गुढीपाडव्याला बाकी मुद्दल किती तो आकडा त्यावर लिहू लागले. वर्षाला तीस-पस्तीस हजार जादा भरायचे असा अंदाज काढला. पैसा कोठून आला म्हणाल तर दिवाळीच्या बोनसातला अर्धा, ह्यांच्या जादा पाळीचा, माझ्या पिको-फॉलचा, आणि उन्हाळ्यात कुरडया-पापड्या करून दिल्या त्याचा. मोठी रक्कम एकाही वर्षी नव्हती.

सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. त्या म्हणत, “अगं, कर्ज काय सगळ्यांनाच असतं. हळूहळू फिटतंच. वरचा स्लॅब टाकून घ्या, भाडं तरी येईल.” त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही, ज्या भागात भाडेकरू मिळतो तिथे तो विचार करावा. आमच्या गल्लीत त्या वेळी भाडेकरू नव्हता. धाकटे दीर नोकरीनिमित्त पुण्याला असतात. ते म्हणाले, “वहिनी, घरकर्ज लवकर फेडणं म्हणजे वेडेपणा. प्राप्तिकरात सवलत मिळते, आणि तोच पैसा फंडात टाकला तर जास्त वाढेल.” मी त्यांना सांगितले, भाऊजी, तुमच्या दादांना प्राप्तिकर लागतच नाही, मग सवलत कशातून घ्यायची? आणि फंड वाढतो तसा उतरतोही. दहा टक्क्यांचे व्याज मात्र वाचले की वाचलेच. ज्यांचा पगार मोठा त्यांनी त्यांचा हिशेब करावा.

काय सोडले, तेही सांगते. दहा वर्षांत सोन्याचा एक मणी घेतला नाही. मुलाला सायकल दोन वर्षे उशिरा मिळाली आणि ते तो अजून बोलून दाखवतो. दूध, शाळेची फी आणि औषधपाणी यांना हात लावला नाही. ह्या तीन गोष्टी तोडून जे कर्ज फेडतात त्यांचे मला कौतुक वाटत नाही. आणि पहिल्या वर्षी एक पैसाही जादा भरला नाही. आधी तीन महिन्यांचा किराणा व तीन हप्ते एवढी रक्कम पोस्टात बाजूला टाकली, मग जादा भरण्यास सुरुवात केली. ती रक्कम २०२० साली कामी आली. टाळेबंदीत कारखाना बंद, पगार अर्धा. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. पण ढकललेल्या हप्त्यांवर व्याज चढतच होते. पोस्टातील पैशामुळे आम्हाला ती मुभा घ्यावी लागली नाही. ज्यांच्या घरी चूलच अडली त्यांनी घेतली, ते योग्यच केले.

इथे थोडे मागचे सांगावेसे वाटते, कारण ह्या गोष्टी आपल्याच मातीत घडल्या आहेत. १२ मे १८७५ रोजी आपल्या सुप्याला, ते तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख मुख्यतः गहाणखते आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. त्या हिसकावून घेतल्या आणि जाळल्या. दंगा पुढे इंदापूर, शिरूर आणि नगर जिल्ह्यापर्यंत पोचला. त्याची कारणे वाचली म्हणजे अंगावर काटा येतो, इतकी ती ओळखीची आहेत. अमेरिकेतील युद्धामुळे कापसाला भाव आला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. १८६५ साली युद्ध संपले, भाव पडले. त्यातच १८६७ साली आपल्या इंदापूर तालुक्यापासून शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा चढला. शिवाय १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. कायदा कुळाच्या भल्यासाठी केला, पण झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. खालचा अंगठा मात्र त्याच शेतकऱ्याचा.

ह्यालाच आपण आज ‘नवे-जुने करणे’ म्हणतो. पीककर्जाचे नवे-जुने, सोनेतारणाचे नवे-जुने. कागदावर जुने कर्ज फिटते, नवे उभे राहते, व्याज पोटात जाते, आणि पाटल्या काही घरी येत नाहीत. दंग्यानंतर आयोग बसला व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खत काय म्हणते एवढेच न पाहता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याची मुभा त्याने न्यायाधीशांना दिली. कुळाला पावती व हिशेब मिळण्याचा हक्कही दिला. पावती मागायला आपण लाजतो, तेव्हा मला हे आठवते. आपल्या बारामती-इंदापूरवरून ज्यांची पालखी जाते त्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे सांगतात. तसा सावकार पुन्हा झाल्याचे ऐकिवात नाही, म्हणून पावतीच बरी.

आता कामाच्या काही गोष्टी. बदलत्या व्याजाच्या घरकर्जावर मुदतीआधी फेड केल्याबद्दल बँकेला दंड घेता येत नाही. २०१२ सालापासून हा नियम आहे. तरी खिडकीवर कोणी काही सांगितले तर लेखी मागावे. जादा रक्कम भरताना ‘हप्ता कमी नको, मुदत कमी करा’ असे अर्जात लिहावे आणि नवा तक्ता घेऊन यावे.

व्याज चढते तेव्हा तर फारच सावध असावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या काळात रिझर्व्ह बँकेचा दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. आमच्या ओळखीच्या एका बाई सांगत होत्या, हप्ता तोच आहे, म्हणजे आमचे व्याज वाढले नाही. मी म्हटले, मुदत पाहा. ७ टक्क्यांनी घेतलेल्या वीस वर्षांच्या कर्जाचे व्याज सुरुवातीलाच ९ झाले आणि हप्ता तोच राहिला, तर ते फिटायला सुमारे ३८ वर्षे लागतात. त्यांची मुदतही तशीच लांबलेली निघाली, आणि त्यांच्या बँकेने त्यांना कळवले नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की दर बदलताना कर्जदाराला कळवावे आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्यावे. २०२५ साली दर पुन्हा उतरत गेले. दर उतरला की हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. आम्ही मागे दर उतरले तेव्हा हप्ता तोच ठेवला, त्यामुळेच दहा वर्षांचे गणित जमले.

कोणते कर्ज आधी फेडावे, असे मला पुष्कळजणी विचारतात. ज्याचे व्याज जास्त ते आधी. दरमहा शेकडा दोन म्हणजे दसादशे २४ होतात, हे ऐकताना लक्षात येत नाही. असे हातउसने अंगावर ठेवून घरकर्जात जादा भरण्यात अर्थ नाही. आणि ज्याच्याकडे परवाना नाही अशा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कचेरीत, तक्रार करता येते. लाजेने घरात बसू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही शेवटची रक्कम भरली. पेढे वाटले, पण काम तिथे संपत नाही. मूळ खरेदीखत व इतर कागद कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत परत मिळालेच पाहिजेत. उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यावे लागतात, असा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आम्हाला कागद विसाव्या दिवशी मिळाले. सोबत येणे-बाकी नसल्याचा दाखला घेतला. तो घेऊन तलाठी कचेरीत, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज केला, फेरफार झाला, आणि सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा जो बोजा होता तो उतरला. ह्यासाठी मला तीन खेपा पडल्या. माझ्या माहेरच्या सातबाऱ्यावर आजोबांनी विहिरीच्या इंजिनासाठी घेतलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतो. कर्ज केव्हाच फिटले; दाखला कोणी नेऊन दिला नाही. आता भावांची वाटणी त्याच्यासाठी अडली आहे. आपापल्या घरचे उतारे एकदा काढून पाहा.

ह्यांना निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत. हप्त्याचा पैसा आता मुलाच्या शिक्षणाला जातो; मुलगी परिचारिका होऊन पुण्यास नोकरी करते. कपाटाच्या दारावर नवा कागद लावला आहे. त्यावर काय लिहिले आहे ते घरातच राहू द्या.

पुढील महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत मी बसणार आहे. ज्यांना आपल्या कर्जाचा हिशेब मांडून पाहायचा असेल त्यांनी पासबुक, हप्त्यांचा तक्ता आणि चष्मा घेऊन यावे. तक्ता नसेल तर आधी बँकेतून मागून आणावा. तो देणे त्यांचे काम आहे. हिशेब कोणाचा कोणाला सांगितला जाणार नाही.