संगणकाच्या कारागिरांची बेगमी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं धान्य, डाळी, तिखट-मसाला यांची बेगमी करून ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पावसानें वाट अडली तरी चूल अडूं नये, हा तिचा हेतु. संगणकाचे प्रोग्रॅम रचणाऱ्या कारागिरांनाही हीच दूरदृष्टि अवश्य आहे.

आज कोणताही मोठा प्रोग्रॅम कोणी सर्वस्वीं आपल्या हातानें लिहीत नाहीं. दुसऱ्यांनीं लिहिलेले तयार भाग, ज्यांस लायब्ररी म्हणतात, ते त्यांत जोडले जातात. त्या भागांना पुन्हां दुसरे भाग लागतात. हे सारे बहुधा ऐन वेळीं इंटरनेटवरून आणले जातात. म्हणजे रोजचा शिधा रोज बाजारांतून! २०१६ च्या मार्चमध्यें 'लेफ्ट-पॅड' नांवाचा अवघ्या ११ ओळींचा भाग त्याच्या कर्त्यानें एनपीएम या सार्वजनिक कोठारांतून काढून घेतला. त्यासरशी ठिकठिकाणचीं कामें अडलीं, आणि कोठाराच्या चालकांना तो भाग परत ठेवावा लागला.

यावर उपाय सोपा आहे. लागणारे सर्व भाग, नेमक्या आवृत्तीचे, मूळ प्रोग्रॅमबरोबरच बांधून द्यावे. 'गो' आणि 'रस्ट' या भाषांत 'व्हेंडर' नांवाची आज्ञा हें काम करते. गोळा करतांना प्रत्येक भागाची 'चेकसम' ही खूण यादीशीं ताडली जाते. एका अक्षराचा फरक पडला तरी ती जुळत नाहीं. बरोबर कंपायलरही घेतला, कीं ही शिदोरी पेनड्राइव्हवर घालून इंटरनेट नसलेल्या शाळेंतही काम करतां येतें. १९९३ सालीं आरंभलेल्या डेबियन प्रकल्पाचा तर नियमच आहे कीं, मुख्य संग्रहांतील पॅकेज बांधतांना इंटरनेटकडे धांव घेऊं नये.

परंतु बेगमीलाही कीड लागते. २०२१ च्या डिसेंबरांत 'लॉगफोरजे' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भागांत भयंकर दोष उघडकीस आला. अशा वेळीं ज्याच्यापाशीं नीट यादी असेल, त्यानें जुना भाग काढून नवा घालावा. ज्याच्यापाशीं ती नसेल, त्याला कोपरान् कोपरा धुंडाळणें प्राप्त होतें. साठवण हें निम्मेंच काम होय. तिला मधूनमधून ऊन दाखविणें हें उरलेलें निम्में.

आपल्या घरांतील जें कोणी मूल हें शास्त्र शिकत असेल, त्याला एवढेंच विचारा: "इंटरनेट बंद केल्यावर तुझा प्रोग्रॅम बांधून होतो काय?" उत्तर 'नाहीं' असें आलें, तर पुढील धडा कोणता, हें त्याला आपोआप कळेल.