शिलेदार होण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला खरं तर ‘संगणक क्षेत्रातील बदल’ असा विषय दिला होता. पण गेल्या दिवाळीत मी आपल्या ग्रुपवर माझ्या घोडीचा फोटो टाकला आणि तेव्हापासून संगणकाबद्दल मला एकानंही काही विचारलेलं नाही. विचारलं ते एवढंच, ‘कितीला घेतलीस?’ तिघांनी तर फोन करून सांगितलं की आम्हालाही घ्यायचा आहे. एकाला मुलीसाठी हवा, एकाला रायगडाच्या पायथ्याशी पर्यटकांना फिरवायला, आणि एकीला नुसती हौस आहे. तिघंही समोर बसलेत, म्हणून विषय बदलून घेतला.

आपल्या भागातल्या पोरांच्या डोक्यात घोडा फार लवकर शिरतो. इकडे रायगड, पोलादपुराहून घाट चढलं की प्रतापगड, मध्ये तानाजींचं उमरठ. पण प्रत्यक्ष घोडा आपण पाहिला तो वरातीतला. बँडच्या कल्लोळात कान मागे पाडून उभा राहिलेला. कान असे मागे पडले म्हणजे जनावर त्रासलेलं असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

इतिहासाच्या बाई इथे आहेत. बाई, बारगीर आणि शिलेदार यांतला फरक तुम्ही विचारायचात, दोन मार्कांना. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. त्या दोन मार्कांच्या उत्तराचा मला नोकरीतल्या कितीतरी ट्रेनिंगपेक्षा जास्त उपयोग झाला. घोडी घेण्याआधी मी पावणेदोन वर्षं बारगीर होते. पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात आधी तासावर शिकले, मग तिथल्याच एका म्हाताऱ्या घोड्याचा महिन्याचा अर्धा खर्च देऊन आठवड्यातले तीन दिवस तो सांभाळला. सांभाळायचा म्हणजे खरारा करायचा, टापा साफ करायच्या, लीद उचलायची, आणि वेळ उरला तर बसायचं. या काळात एक अख्खा पावसाळा गेला, हे मी मुद्दाम सांगते. हिवाळ्यात घोडा कुणालाही आवडतो.

आता पैशांकडे येते, कारण गणिताचे सर मघापासून माझ्याकडे बघतायत. घोडी एक लाख चाळीस हजारांना पडली. तुम्ही सगळे हाच आकडा विचारता आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा हाच आहे. दुसरा आकडा महिन्याला साडेअठरा हजारांचा. त्यात जागा, चंदी, वैरण आणि मोतद्दाराच्या पगारातला वाटा आला, शिवाय दर सहा ते आठ आठवड्यांनी येणारा नालबंद, धनुर्वाताची लस, जंताचं औषध, वर्षातून एकदा दात घासून घेणं. सर, तुमच्या पद्धतीनं मांडते. घोडी घेतली तेव्हा अकरा वर्षांची होती. नीट ठेवलेलं घोडं पंचवीस वर्षं सहज जगतं. म्हणजे चौदा वर्षं, महागाई शून्य धरून, एकतीस लाख. आणि त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं तिच्यावर कुणी बसणार नाही, पण ती खाणार रोजच. त्या वर्षांचं काय करायचं, हे मी आणि नवऱ्यानं घोडी बघायला जायच्या आधी कागदावर लिहून ठेवलं. लोक ते लिहीत नाहीत. मग थकलेला घोडा आधी विकला जातो, तिथून आणखी स्वस्तात विकला जातो, आणि शेवटी कुठल्या तरी नाक्यावर प्लास्टिक चघळत उभा दिसतो.

अकरा वर्षांची म्हातारी घोडी का घेतली, असंही काहींनी विचारलं. ती म्हातारी नाही, शहाणी आहे. पहिलं घोडं दहा ते पंधरा वर्षांचंच असावं असं माझं ठाम मत आहे. ‘शिंगरू घेऊ, मुलीबरोबर मोठं होईल’ ही कल्पना ऐकायला फार गोड लागते. पण चारशे किलोचं बुजणारं जनावर आणि चाळीस किलोचं घाबरणारं पोर, दोघांनी एकमेकांना शिकवायचं काय?

दत्तजयंतीला मी सारंगखेड्याच्या बाजारातही जाऊन आले, घ्यायला नव्हे, बघायला. तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यात भरणारा हा बाजार एकदा तरी पाहावाच. कानांची टोकं आत वळून जवळजवळ एकमेकांना टेकतात असे मारवाडी घोडे, त्यांचं नाचणं, आणि दरवर्षी पेपरात येणाऱ्या कोटीच्या घोड्याभोवतीची गर्दी. तिथे रंगावरून भाव ठरतो, उंचीवरून ठरतो, अंगावर कुठे केसांचे भोवरे आहेत त्यावरूनही ठरतो. भोवऱ्यांचं शास्त्र सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे मी तासभर बसले, ऐकायला बहार आली. पण पुढच्या उजव्या पायात दुखणं आहे का, हे भोवरा सांगत नाही. ते घोड्यांचा डॉक्टरच सांगतो.

त्याचाही किस्सा आहे. दुसऱ्या एका ठिकाणी, खासगी विक्रेत्याकडे, एक देखणा कुमैत घोडा बघायला आम्ही डॉक्टरांना घेऊन गेलो. वेळ आठची ठरली होती, डॉक्टरांनी मुद्दाम सातलाच पोचवलं. घोडा आधीच घामानं भिजलेला. डॉक्टर म्हणाले, आखडलेला पाय मोकळा करायला सकाळपासून पळवलाय. मग त्यांनी मागचा एक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडल्याबरोबर दुडक्या चालीनं पळवायला सांगितलं. पहिल्या सात-आठ पावलांत लंगड स्पष्ट दिसली. डॉक्टरांची फी त्या दिवशी वसूल झाली. ग्लँडर्सची रक्ततपासणी मात्र घोडा कितीही आवडला तरी सोडायची नाही. हा रोग माणसालाही होतो, आणि घोड्यात निघाला तर कायद्याप्रमाणे त्याला दयामरण द्यावं लागतं.

आता आपला पाऊस. महाड-पोलादपुरात शंभर इंचांच्या वर पडतो आणि घोडं मूळचं कोरड्या, मोकळ्या माळाचं. चिखलात सतत उभं राहिलं की टापा सडतात. चावऱ्या माश्यांमुळे सर्रा होतो. पण सगळ्यात मोठी अडचण पेंढ्याची आहे. आपल्याकडे वैरण म्हणजे भाताचा पेंढा, आणि बैल तो रवंथ करून पचवतो. घोडं रवंथ करत नाही आणि त्याला उलटीही होत नाही. बुरशी धरलेला पेंढा पोटात गेला की बाहेर यायला वाट एकच, तीही लांबची.

बाई, शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं पत्र तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, ऐन उन्हाळ्यातलं. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा भाव. गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत बारकावे. तेव्हा मला ते रयतेच्या काळजीचं पत्र वाटलं होतं, आणि ते आहेच. आता वाचते तेव्हा कोकणातला पावसाळा आणि घोडा यांचं गणित पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं पत्र म्हणूनही वाचते.

माझ्या घोडीला गेल्या ऑगस्टमध्ये पोटशूळ उठला. रात्री साडेदहाला मोतद्दाराचा फोन आला, ‘ताई, ती सारखी पोटाकडे बघतीय, खाली बसतीय.’ मी पोचले तेव्हा ती लोळायच्या बेतात होती. डॉक्टर यायला दीड तास लागणार होता. जबड्याखालची नाडी पंधरा सेकंद मोजायची आणि चारनं गुणायचं, एवढं मला शिकवलेलं होतं. एरवी चाळीसच्या आत असते, तेव्हा चौसष्ट होती. डॉक्टरांनी येऊन नाकातून पोटात नळी घातली, इंजेक्शन दिलं, आणि आम्ही तिला पावसात, पत्र्याच्या शेडखाली, पहाटे तीनपर्यंत हळूहळू चालवत राहिलो. सव्वातीनला तिनं लीद टाकली. मोतद्दार आणि मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. साडेनऊला माझी अमेरिकेतल्या लोकांबरोबर मीटिंग होती. त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, उत्तम.

आता रायगडाच्या पायथ्याशी धंदा करू पाहणाऱ्या मित्राला दोन शब्द. माथेरानला घोडा चालतो कारण तिथे मोटारीला बंदी आहे, घोडा ही तिथली गरज आहे. आपल्याकडे माणूस गाडीनं पायथ्याला येतो, मग पायऱ्या चढतो किंवा रोपवेत बसतो. मधल्या दोनशे मीटरसाठी घोड्यावर कोण बसणार, आणि जून ते सप्टेंबर त्यानं काय खायचं? शिवाय घोड्यानं खोगिरासकट आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये. चारशे किलोच्या घोड्याला ऐंशी किलो. समोर बघून सांगते, आपला निम्मा वर्ग बाद आहे.

आणि तुझी तबेल्यासाठी धरलेली जागा सावित्रीच्या काठाला आहे. २२ जुलै २०२१ची रात्र इथे कुणाला आठवून द्यायला नको. त्या रात्री लोकांनी माणसं वर कशीबशी चढवली. गोठ्यातल्या जनावरांचं काय झालं, ते तू पाहिलंस. घोड्याला जिना चढवता येत नाही. जागा आधी बदल, घोड्याचं मग बोलू. हे मी सगळ्यांसमोर बोलतेय, कारण फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

मुलीसाठी घोडा हवा असलेल्या मित्राचं मात्र मला पटतं. तिनं एक पावसाळा बारगिरी करून दाखवली आणि नंतरही तिला घोडा हवा असेल, तर घोडं शोधायला मी स्वतः येईन. सुरुवात येत्या महिन्यात करू. शनिवारी रात्री आमच्याकडे मुक्कामाला या. सकाळी साडेसहाला तबेल्यात जायचं. चपला नकोत, बूट हवेत. पहिला तास लीद काढायची, मग खरारा, आणि बसायला मिळालंच तर वीस मिनिटं. गाजर देताना तळहात सपाट ठेवायचा, बोटं वाकवायची नाहीत, एवढं तिला आधीच सांगून ठेव. गाजरं मी आणीन.