प्रौढ वयातील वाचन-अडचण : समज आणि उपाय

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी असून माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे आहे. वैद्यकशास्त्राचा अधिकार मला नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. तरीही डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची विशिष्ट अडचण, हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. डिसेंबर २००७ मध्ये 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु तो लहान मुलांपुरताच मर्यादित राहिला. त्या चित्रपटातील मुलासारखी कितीतरी मुले त्यापूर्वीच मोठी झाली होती. आज ती संसार आणि धंदा सांभाळीत आहेत. आणि कागद पुढे आला की, "चष्मा घरी राहिला" असे सांगून वेळ निभावून नेत आहेत.

हा प्रकार नवा नाही. 'डिस्लेक्सिया' हा शब्द जर्मन नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात योजला. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, गणितात तरबेज होता. परंतु साधे शब्द त्याला वाचता येत नसत. तेव्हा दोष दृष्टीचा मानला गेला. पुढील संशोधनाने दाखविले की, बहुतेकांच्या बाबतीत अडचण डोळ्यांत नसून शब्दातील ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. तिचा बुद्धीशी संबंध नाही, आळसाशी तर मुळीच नाही. अनेकदा ती एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आढळते.

आपली देवनागरी उच्चाराच्या जवळची आहे, हे खरे. पण तिचेही स्वतःचे कंगोरे आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र 'क' नंतर होतो. 'सूर्य' मधील रफार 'य'च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांत एका रेषेचा काय तो फरक. सराईत वाचकाला हे जाणवतही नाही; अडखळणाऱ्याची सारी शक्ती मात्र येथेच खर्च होते आणि वाक्याचा अर्थ हातातून निसटतो.

आमच्या पेढीवरील एका जुन्या सहकाऱ्याचे उदाहरण त्यांच्या अनुमतीने सांगतो. तागा हातात घेताच कापडाचा पोत आणि पन्हा ते अचूक सांगतात. गिऱ्हाइकाचा मागील वर्षाचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. परंतु दुसऱ्या दुकानाची जबाबदारी देऊ केली, तेव्हा त्यांनी हात जोडून नकार दिला. कारण पुष्कळ दिवसांनी कळले : पत्रव्यवहार वाचता येत नसे. स्वाध्यायाच्या वेळी ग्रंथ हातोहात पुढे सरकू लागला की ते पाण्याच्या निमित्ताने उठून जात. बेचाळीस वर्षांचे वय, आणि मनात एवढी भीती!

"या वयात आता काय होणार?" हा प्रश्न त्यांनीही केला. त्याचे उत्तर उपलब्ध आहे. २००४ मध्ये अमेरिकेतील गिनिव्हीर ईडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांना आठ आठवडे ध्वनी ओळखण्याचे कसून शिक्षण दिले. त्यांचे वाचन सुधारलेच. शिवाय मेंदूच्या कार्यातही बदल दिसून आला. म्हणजे प्रौढाचा मेंदूही शिकतो. मात्र अडचण समूळ नाहीशी होते, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. रंगीत काचांचे चष्मे किंवा हमखास गुण देणारी औषधे यांना भक्कम आधार नाही.

मग करावे काय? प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. नंतर जाणकार मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक यांच्याकडून चाचणी करून घ्यावी. पुढील अभ्यास पायरीपायरीने चालतो. शब्द कानांनी ऐकून त्याचे ध्वनी सुटे करावयाचे. अक्षर मोठ्याने उच्चारीत बोटाने गिरवावयाचे. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे क्रमाने घ्यावयाची. एकच छोटा उतारा अनेक वेळा वाचावयाचा. डोळा, कान आणि हात यांना एकत्र जुंपण्याची ही रीत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कार्यातून रूढ झाली. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फळतात. मजकूर आपल्या कामाचा असावा. आमच्या सहकाऱ्यांनी आरंभ केला तो मालाच्या चलनांपासून. मोठा टाइप, ओळींत मोकळी जागा, ओळीखाली धरलेली पट्टी, आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारा मोबाइल, या साधनांत कमीपणा नाही. चष्मा लावण्यात आपण कमीपणा मानतो काय?

वर्षभराच्या सरावानंतर आमचे सहकारी आज पत्र वाचतात. सावकाश वाचतात, पण स्वतः वाचतात. स्वाध्यायात मात्र त्यांनी अद्याप तोंड उघडलेले नाही. तो संकोच दूर करणे त्यांच्या एकट्याच्या हाती नाही, ते आपल्या हाती आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. कायद्याने दिलेली मान्यता समाजाने मनानेही द्यावी. म्हणून विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. एक, सामूहिक वाचनात पाळी ऐच्छिक असावी, आणि इच्छुकास उतारा आदल्या दिवशी मिळावा. दोन, ग्रंथालयात मोठ्या टाइपाची पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे ठेवावीत. तीन, आठवड्यातून काही वेळ बंद खोलीत, नावाची वाच्यता न करता, विशेष शिक्षकाचे मार्गदर्शन मिळावे. शिक्षकाच्या पहिल्या वर्षाच्या मानधनाचा भार आमची पेढी उचलील.

गेल्या पन्नास वर्षांत या संस्थेने अनेकांच्या हाती पुस्तक दिले. ज्यांच्या हाती ते येऊनही उघडले गेले नाही, त्यांच्याकडे यापुढे लक्ष द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.