वेण्णाकाठचें गोठलेलें दंव

उष्ण कटिबंधांत राहणाऱ्या माणसास थंडीचें अप्रूप वाटतें. इ. स. २०१९ च्या फेब्रुवारींत पॅसिफिक महासागरांतील मौई बेटावर सुमारें ६,२०० फूट उंचीच्या वनांत हिम पडलें, तेव्हां तेथील लोक थक्क झाले. आपल्या मुंबई बेटावर हिम पडत नाहीं. तरी २२ जानेवारी १९६२ रोजीं सांताक्रूझ येथें पारा ७.४ अंशांवर उतरला होता. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं तो १.७ पर्यंत गेला. परंतु आज सांगावयाचें आहे तें सातारा-सांगलीकडचें.

“महाबळेश्वरीं बर्फ पडला” ही वार्ता अधूनमधून हिवाळ्यांत कानीं येते. वार्ता खरी, शब्द मात्र खोटे. तेथें बर्फ पडत नाहीं, दंव गोठतें. हिम ढगांत जन्मतें आणि खालीं येतें. दंव जमिनीलगतच्या हवेंतून पानावर जमतें, व तें गोठण्यास उलट आकाश निरभ्र असावें लागतें. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. ढगांचें पांघरूण असलें तर तींतील बरीचशी परत मिळते, नसलें तर जाते ती जातेच. त्यांत वारा पडलेला असला म्हणजे गार हवा, जड असल्यामुळें, पाण्यासारखी उताराने वाहत सखल जागीं सांचते.

महाबळेश्वर सुमारें ४,५०० फुटांवर आहे. पण दंव गोठतें तें उंच कड्यांवर नव्हे, तर वेण्णा तलाव व लिंगमळा या खोलगट भागांत. साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं बांधविलेल्या या तलावाचें पाणी सहसा गोठत नाहीं, कारण पाणी उष्णता धरून ठेवतें. गोठतें तें नावांच्या धक्क्याच्या फळ्यांवर, मोटारींच्या टपांवर, गवतावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर. गांवांतील तापमापक आठ-दहा अंश दाखवीत असतां खालीं हें घडतें. कारण तो जमिनीपासून चार-पांच फूट उंच पेटींत असतो, आणि पान असतें वीतभर उंचीवर.

पाहुणे ही पांढरी खरपुडी ओंजळींत घेऊन छायाचित्रें काढतात. त्यांचा आनंद मला समजतो. मात्र जेथें ते उभे असतात तेथें कोणाची तरी वर्षाची कमाई असते. दंव गोठलें कीं पेशींतलें पाणी गोठतें आणि पेशी फुटतात. फुलाचा मधला भाग काळा पडला म्हणजे त्याचें फळ होणें नाहीं. कांहीं शेतकरी पहाटे तुषार सिंचन सुरू ठेवतात. गोठवावयाच्या भीतीनें पाणी शिंपावें हें विचित्र वाटेल. परंतु एक ग्रॅम पाणी गोठतांना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतें, आणि तीच पानास वांचविते. मात्र मध्येंच पाणी बंद पडलें तर अपाय अधिक; व वीज तर मध्येंच जातेच!

सांगलीकडे, तासगांव-मिरजेच्या माळावर, दंव क्वचितच गोठतें, तरी थंडीचा घाव तेथेंही बसतो. ऑक्टोबर छाटणीचीं द्राक्षें डिसेंबर-जानेवारींत फुगावयास लागतात. पारा फार उतरला कीं मणी फुगत नाहीं. दुपार तापून रात्र गारठली तर मणी तडकतो, कोठें गुलाबी छटा चढते, आणि परदेशीं जाणारा माल व्यापारी नाकारतो. मग पहाटे बागेंत शेकोट्या पेटवून धूर करणें, मुळांशीं पाणी सोडणें, एवढेंच हातीं राहतें.

येथें एक व्यवहाराची गोष्ट आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यांत भरपाई मुख्यतः महसूल मंडळांतील हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. केंद्र उंचवट्यावर व मळा खोलगटींत असेल, तर कागदोपत्रीं थंडी पडलीच नाहीं असें होतें, आणि शेतकऱ्याचें बोलणें तक्रारखोराचें ठरतें. केंद्र कोठें बसवावें हा प्रश्न म्हणूनच गांवकऱ्यांनीं धरून बसण्यासारखा आहे.

तो धरतांना हातीं कांहीं असावें. खोलगट भागांतील प्रत्येक शाळेनें एक साधा तापमापक गवताच्या उंचीवर लावावा. दुसरा चार फुटांवर, सावलींत. डिसेंबर ते फेब्रुवारी रोज सूर्योदयापूर्वीं दोन्ही वाचून वहींत मांडावे, आणि आकाश निरभ्र कीं ढगाळ, वारा होता कीं नव्हता, हेंही शेजारीं लिहावें. सातवीचीं मुलें हें काम उत्तम करतात.