देहाचे अवधान
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या भाषणाचा सारांश)



सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९१० साली ग्रंथालय-चळवळीला आरंभ केला. त्याच नगरीत जुम्मादादा व्यायाममंदिराने शरीराची उपासना शिकविली. आपण मात्र वाचनालयात शिरताना देह जणू पादत्राणांबरोबर दाराशीच ठेवून येतो. मन ग्रंथात रमते. मान, खांदे आणि जबडा मुकाट्याने ताण सोसत राहतात. उतारवयात कित्येकांचे वाचन सुटते ते केवळ डोळ्यांमुळे नव्हे. मान आणि पाठ साथ देत नाहीत म्हणूनही. त्यामुळे हा विषय या व्यासपीठावर अप्रस्तुत ठरू नये.

ताण मुळात वाईट नव्हे. स्नायू आकसल्याखेरीज लेखणीही उचलता येणार नाही. दोष आहे तो अनावश्यक ताणाचा. पुस्तक धरण्यास बोटे पुरेशी असताना खांदेही वर चढतात आणि नेणिवेतच तसे राहतात. अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली आपली शिथिलीकरणाची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. हात हलविण्याची नुसती कल्पना केली तरी त्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्-क्रिया घडते, हे त्यांनी मोजून दाखविले. स्नायू मुद्दाम आवळावा, तो ताण नीट ओळखावा आणि मग सोडून द्यावा, ही त्यांची रीत. जो ताण ओळखता येत नाही तो सोडता तरी कसा येणार?

ऑस्ट्रेलियातील एफ. एम. अलेक्झांडर हे काव्यवाचन करीत. रंगमंचावर त्यांचा आवाज बसू लागला. आरशासमोर उभे राहून त्यांनी स्वतःचे निरीक्षण केले, तेव्हा बोलण्यास आरंभ करताच आपण मान मागे खेचतो, हे त्यांच्या ध्यानी आले. जुनी सवय शरीराला योग्यच वाटत असते. म्हणूनच ती दिसत नाही.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. आसन स्थिर व सुखकर असावे आणि ते प्रयत्न सैल केल्याने साधते, असे पतंजलींनी योगसूत्रांत सांगितले आहे. बौद्ध परंपरेतील कायानुपश्यनेत तर चालणे, बसणे, जेवणे, वस्त्र नेसणे या साऱ्यांतच जागे राहण्याचा उपदेश आहे.

तेव्हा अभ्यासाला वेगळी वेळ नको. प्रत्येक प्रकरण संपताच स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. दात एकमेकांवर दाबलेले आहेत काय? खांदे कानांकडे चढले आहेत काय? श्वास अडला आहे काय? उत्तर होकारार्थी आल्यास देहाला दटावू नये. सावकाश उच्छ्वास सोडावा आणि भार खुर्चीवर टाकावा. भाजी चिरताना सुरीवरची पकड, स्कूटर चालविताना मुठींवरची पकड, हीदेखील अशीच तपासावी. मात्र ही पाहणी म्हणजे नवी शिस्त होऊन बसली, तर तिचाच ताण होईल. हात बधिर होत असेल किंवा वेदना टिकून राहत असेल, तर वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही.

येथील दीर्घ बाके आणि शांत वाचनकक्ष या अभ्यासाला फार अनुकूल आहेत. वाचकांनी त्याचा लाभ घ्यावा आणि ग्रंथांचा सहवास त्यांना दीर्घकाळ सुखाने घडावा.