वाऱ्याला कामाला लावणारे मास्तर

वारा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. खळ्यावर धान्य उपणताना आपण वाऱ्याची वाट पाहतो. वारा पडला की हात थांबतो. वारा सुटला की पुन्हा टोपली वर जाते. वारा फुकट आहे, पण तो आपल्या हुकमात नाही. हा फुकटचा गडी भरवशाचा कसा करावा, याचा ध्यास एका खेड्यातल्या मास्तरांनी घेतला. त्यांची हकिकत आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या जवळजवळ चहूबाजूंना समुद्र. उंच डोंगर नाहीत. धरण बांधून वीज करावी, अशा नद्या नाहीत. पण वारा मात्र भरपूर. धान्य दळायला तिथे वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्या शेकडो वर्षांपासून होत्या.

या देशात अस्कोव नावाचे एक खेडे आहे. तिथे १८६५ साली एक लोकशाळा सुरू झाली. ही शाळा शेतकऱ्यांच्या जाणत्या मुलांसाठी. तिथे परीक्षा नव्हती. शहाणे व्हावे, आपले काम नीट करावे, एवढाच हेतू. १८७८ साली पॉल ला कूर नावाचे गृहस्थ तिथे शिकवायला आले. ते हवामानाचे जाणकार होते.

त्या काळी शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते. खेडी मात्र अंधारात होती. ला कूर मास्तरांना वाटले, शहराला उजेड आणि खेड्याला काळोख, हे बरे नव्हे. मग खेड्याजवळ स्वतःचे असे काय आहे? वारा आहे! १८९१ साली सरकारची मदत मिळवून त्यांनी अस्कोवला पवनचक्की उभी केली आणि तिच्यावर वीज तयार केली.

पण लगेच अडचण आली. वारा कधी जोराचा, तर कधी अजिबात नाही. मग वारा नसेल त्या रात्री दिवा कसा लावायचा? मास्तरांनी युक्ती काढली. वीज पाण्यातून सोडली म्हणजे पाण्याचे दोन वायू सुटे होतात. त्यांतला एक हायड्रोजन. तो जळतो. हे वायू मास्तरांनी टाक्यांत साठवले आणि १८९५ पासून काही वर्षे शाळेत त्यांचे दिवे जाळले. आपण कणगीत धान्य साठवतो ना, तसा त्यांनी वारा साठवला. हे काम सोपे नव्हते, बरं का. हायड्रोजनमध्ये दुसरा वायू थोडा जरी मिसळला, तरी भडका उडे. शाळेच्या खिडक्यांच्या काचा कितीदा तरी फुटल्या. पण मास्तरांनी काम सोडले नाही.

दुसरा प्रश्न पात्यांचा. लोकांना वाटे, पाती जास्त, तर ताकद जास्त. मास्तरांनी नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी एक नळकांडे केले, त्यातून वारा सोडला आणि लहान लहान पाती त्यापुढे ठेवून पाहिली. तेव्हा कळले की, विजेसाठी थोडी पाती आणि जलद फिरणारे चाक हेच चांगले. आजच्या पवनचक्कीला तीनच पाती का, याचे मूळ इथे आहे.

वाऱ्याचे गणितही मोठे गमतीचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर ताकद किती वाढेल? दुप्पट? नाही, आठपट! कारण दुप्पट वेगाने हवाही दुप्पट येते आणि त्या हवेचा जोर चौपट असतो. दोन चोक आठ. म्हणून जागा निवडताना वारा आधी मोजावा लागतो. नुसता ‘इथं वारं लई असतं’ म्हणून भागत नाही. आणि वाऱ्याची सगळी ताकद कधीच काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा चाकामागे उभीच राहील आणि नव्या वाऱ्याला वाट मिळणार नाही. फार तर शंभरातले ५९ हिस्से मिळू शकतात. हे गणित जर्मनीच्या आल्बर्ट बेट्स यांनी १९२० साली मांडले.

१९०४ साली ला कूर मास्तरांनी खेड्यातल्या तरुणांना विजेचे काम शिकवायला सुरुवात केली. त्यांत योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. १९०८ साली मास्तर वारले. पण विद्या मागे राहिली. पुढे यूल यांनी १९५७ साली गेडसर या गावी समुद्राकाठी २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली. तिला तीन पाती. वारा अति झाला की तो पात्यांवरून निसटे आणि त्याची पकड आपोआप ढिली पडे. चाक फारच वेगाने फिरू लागले, तर पात्यांची टोके वळून ब्रेक लागे. ही चक्की सुमारे अकरा वर्षे फारशा दुरुस्तीवाचून चालली.

याच्या उलट अमेरिकेत झाले. तिथे १९४१ साली व्हरमाँट प्रांतात एका टेकडीवर १२५० किलोवॅटची चक्की उभी केली. एकदम मोठी उडी! तिच्या पात्याचा एक भाग कच्चा आहे, हे कळले होते. पण लढाईच्या दिवसांत सामान मिळेना आणि तो पक्का करायचा राहिला. १९४५ च्या मार्चमध्ये पाते तुटून पडले. ती चक्की पुन्हा उभी राहिली नाही. पाहा, एकाने पायरी पायरीने चढायचे आणि एकाने माडीवर उडी घ्यायची, यात फरक पडतोच.

१९७३ साली खनिज तेल एकाएकी महाग झाले. तेव्हा डेन्मार्कच्या लोकांना यूल यांची चक्की आठवली. क्रिश्चियन रीसागर नावाच्या सुताराने तिच्या धर्तीवर २२ किलोवॅटची चक्की केली. लोहार, शेतकरी, शिक्षक या कामाला लागले. पुढे शेजारी-शेजारी वर्गणी काढून गावोगाव भागीदारीत चक्क्या घेऊ लागले. आज त्या देशाची अर्ध्याहून अधिक वीज वाऱ्यावर होते.

आपल्याकडेही वारा कमी नाही. १९८६ साली किनाऱ्यावर पवनचक्क्यांचे पहिले नमुने उभे राहिले, त्यांत आपली रत्नागिरी होती. ती ५५ किलोवॅटची यंत्रे डेन्मार्कच्या बनावटीची होती. आज सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला चक्क्यांच्या रांगा दिसतात. आपल्या घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात वारा जोराचा असतो. तीच त्याची सुगी.

आता शेवटची आणि कामाची गोष्ट. उद्या कोणी तुमच्या माळावर पवनचक्कीसाठी जमीन मागायला येईल. वीज हवी, चक्कीही हवी. पण कागद पुढे आला की चटकन अंगठा उठवू नका. आता तुम्हाला वाचता येतं. जमीन विकत मागतात की भाड्याने? किती वर्षांसाठी? रस्त्याला किती जागा जाईल? खाली पेरता येईल का, गुरे चारता येतील का? मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार? पैसे कधी मिळणार? एकेक ओळ वाचा. समजले नाही तर चार जणांत बसून वाचा. मग सही करा.

ला कूर मास्तरांनी वाऱ्याइतकाच माणसांवरही भरवसा ठेवला. खेड्यातला माणूस शिकला, तर यंत्राचा धनी होईल, नाहीतर नुसता बघ्या राहील, हे त्यांनी ओळखले होते. वारा सगळ्यांच्या शिवारातून वाहतो. त्याचा लाभ मात्र जाणत्याच्या पदरात पडतो. म्हणून बंधूंनो आणि भगिनींनो, वाचत राहा, विचारत राहा.